हरितालिकेच्या दिवशीची सुनावणी

सहाव्या मजल्यावर गवत उगवणार आहे म्हणे. त्याचं चित्रच लावलंय आमच्या चाळीसमोर, पत्र्यांवर. चित्रात एक गोरीगोमटी बाई पोराचं बोट धरून त्या गवतावरून चाललीय, वर निळं आकाश, खाली मजल्यांवर मजले नुसत्या गाड्या. ती बाई लालबाग-परळची नाही हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्याकडच्या बायका पोराचं बोट धरत नाहीत, मनगट धरतात. रोज सकाळी दूध आणायला जाताना मला तिचं तोंड बघावं लागतं आणि रोज माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, पलीकडच्या फुटपाथवरून जात जा.

त्या पत्र्यांच्या मागे आमचं मैदान होतं.

मैदान म्हटल्यावर लगेच शिवाजी पार्क डोळ्यांपुढे आणू नका. तिकडच्या लोकांची गोष्ट वेगळी. तिकडे सकाळी फिरायला येणारे पेन्शनर वकील, डॉक्टर, प्रोफेसर. एकानं फोन फिरवला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. आमचं मैदान म्हणजे दोन चाळी आणि जुन्या गिरणीची भिंत यांच्यामध्ये उरलेला एक तिरका तुकडा. एका कोपऱ्यात उंबर, भिंतीकडे दोन बदाम, मधोमध कबड्डीची माती. पोरींच्या हळदी तिथे लागल्या, मंडळाची सत्यनारायणाची पूजा तिथे झाली, आणि चाळीतलं माणूस गेलं की त्याला शेवटचं ठेवायचं तेही तिथेच, उंबराखाली. माझ्या वडिलांना तिथेच ठेवलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत जिवंत माणूस कसाबसा मावतो, मेलेल्याला आडवं कुठे करणार?

मैदान कुणाचं, असं विचारलंत तर कागदावर ते पालिकेचं. पण आमच्या लेखी ते काकांचं. काका म्हणजे तळमजल्यावर पुतण्याच्या घरी राहणारे. वय ऐंशीच्या पुढे. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारलं नाही. तरुणपणी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे, म्हणजे त्यांच्या तोंडी हुतुतू. गिरणी गेली, नंतर कुठेकुठे वॉचमनची कामं केली, तीही सुटली. मैदान मात्र सुटलं नाही. सकाळी पाणी मारणं, खडे वेचणं, सामना असला की चुन्याची फक्की घेऊन रेषा ओढणं. त्या रेषा म्हाताऱ्याच्या हातून अशा सरळ पडायच्या की बघत राहावं. लिहिता-वाचता येत नाही, सही तेवढी येते, पण रेषा सरळ.

आणि माती. गावाहून येताना आम्ही सगळे काय आणतो? कोकम, काजू, फणसाची साठं, तांदूळ. काका पिशवीभर लाल माती आणायचे. दर खेपेला एक पिशवी, इतकी वर्षं. मैदानात ओतायची, पाणी मारायचं, पायानं चोपायची. आम्ही हसायचो. "काका, अर्धं कोकण आणून टाकलंत इथे." ते म्हणायचे, "हयली माती पायाक लागता रे. पोरांची ढोपरां फुटतत." त्या मैदानात निदान वीतभर तरी माती त्यांच्या गावची असेल.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढे काय झालं ते समजेल. मी एका विमा कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी केली. अक्षर चांगलं, भाषा शुद्ध, त्यामुळे चाळीतला प्रत्येक अर्ज मी लिहायचा आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइकही माझ्याच हातात. मला त्याची घमेंड होती. होती म्हणजे भरपूर होती, खोटं कशाला बोलू?

पेपरातली बारीक टायपातली नोटीसही मीच वाचली. आमच्या तुकड्यावर पालिकेच्या आराखड्यात 'खेळाचे मैदान' असं आरक्षण होतं. ते बदलून 'सार्वजनिक वाहनतळ' करायचं घाटत होतं. आमचं मैदान सरकारी कागदावर मैदान आहे हे आम्हाला कळलं, ते काढून घ्यायच्या वेळीच. गिरणीच्या जागेवर जो टॉवर उभा राहिलाय, त्याच्या गाड्या त्याच्या पोटात मावेनात, म्हणून आमचं मैदान त्यांना हवं होतं. नोटिशीत असं सरळ लिहिलेलं नव्हतं, 'परिसरातील वाढती वाहनसंख्या' असं लिहिलं होतं. त्याखाली हरकती व सूचना द्यायला महिन्याभराची मुदत.

मी पेटलो. त्या रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीत सगळ्यांना जमवून नोटीस खणखणीत वाचून दाखवली आणि हरकतीचा मसुदा लिहून काढला. फक्कड मसुदा होता. नंतर मी एक नियम काढला, आणि त्या नियमाबद्दल मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. नियम असा, की प्रत्येक हरकतीला विजेच्या बिलाची झेरॉक्स जोडायची. ज्याच्या नावावर बिल, त्याचीच सही. म्हणजे प्रकरण कसं पक्कं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नोटिशीत तर स्पष्ट लिहिलं होतं, कुणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. मीच ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पण पस्तीस वर्षं लोकांकडे पुरावे मागितलेल्या माणसाला पुराव्याशिवाय कागद बघवत नाही.

काका आले. अंगात इस्त्रीचा सदरा. सही करायला येताना सदरा बदलून आलेला तो एकटाच माणूस. "माझी पण घे," म्हणाले.

"काका, तुमच्या नावावर बिल कुठाय? खोली पुतण्याची. त्याची सही झालीय की."

"मगे माझी नको?"

"नको. एक अर्ज कच्चा निघाला तर बाकीच्यांवर शंका घेतील."

"बरा. तू सांगतंस ता खरा," म्हणाले आणि गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट मी किती काटेकोर, असंच वाटलं.

हरकतींचा हा एवढा गठ्ठा झाला. शिवाय एका रविवारी आम्ही 'मैदान वाचवा' म्हणून मोठा कार्यक्रम घेतला. पोरांची चित्रकला, बायकांच्या फुगड्या, पन्नाशीच्या वरच्यांचा कबड्डीचा सामना. काकांनी सकाळीच फक्कीच्या रेषा ओढून ठेवल्या होत्या आणि त्यावरून कुणी चप्पल घालून गेलं की शिव्या घालत होते. विभागातले साहेब आले. साहेब म्हणजे आमचे पुढारी, आमच्यातलेच, त्यांचे वडील माझ्या वडिलांबरोबर गिरणीत साच्यावर होते. साहेबांनी चपला काढून त्या मातीला हात लावला, कपाळाला लावला. माइकवर म्हणाले, "या मातीच्या एका कणाला जरी कुणी हात लावला तरी आधी त्याला माझ्या छातीवरून जावं लागेल." टाळ्यांनी कान किटले. आभार मानताना मी त्यांना मैदानाचे पाठीराखे म्हणालो. माझीच जीभ ती.

तर हेच साहेब दर वर्षी गणपतीला गावी जायला फुकट बस देतात. दोन बसगाड्या, थेट गावापर्यंत. गणपतीच्या आठवड्यात कोकणात जायचं म्हणजे काय हाल असतात ते जातो त्यालाच ठाऊक, त्यामुळे साहेबांच्या बसमध्ये जागा म्हणजे देवच पावला. त्या बसची यादी कोण करतं? मीच. एका फायलीत हरकतींची यादी, तिच्याच मागे बसची यादी. नावं तीच, अक्षर तेच. दोन्ही मी एकाच पेनानं लिहिल्या होत्या.

आणि मग सुनावणीचं पत्र आलं. दिवस हरितालिकेचा, वेळ सकाळी अकरा. म्हणजे गणपती बसायच्या आदल्या दिवशी. बस सुटणार होत्या त्याच्या दोन दिवस आधी.

मी पत्र घेऊन दारोदार फिरलो. एकानंही 'मी थांबतो' असं म्हटलं नाही. "तारीख बदलून घ्या ना," सगळ्यांचं एकच. "तुमच्या अर्जाला कोण नाही म्हणणार?" मी फुगलो. तारीख बदलून मिळण्याविषयीचा विनंती अर्ज लिहिला आणि वॉर्ड ऑफिसात नेऊन दिला. तिथला कारकून आमच्याच तालुक्याकडचा निघाला. आवकचा शिक्का मारता मारता म्हणाला, "देऊन ठेवा, बघतील साहेब. मी पण परवा चाललोय गावाला." झालं. मला वाटलं, ऑफिसच रिकामं होणार, सुनावणी कसली घेतात. शिक्का मारलेली प्रत घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन बॅगा भरायला काढल्या.

अर्जाचं उत्तर आलं नाही. उत्तर न येण्याचा अर्थ काय असतो हे मला कुणी शिकवायला नको होतं. पस्तीस वर्षं मीच लोकांच्या अर्जांना उत्तर दिलं नव्हतं.

थांबता आलं असतं का? आलं असतं. हे मी स्वतःला हजारदा विचारलंय आणि हजारदा हेच उत्तर आलंय. यंदा गावच्या गणपतीची पाळी आमच्या घराची होती, हे खरं. पण बायको-मुलगा पुढे गेले असते, मी सुनावणी आटपून मागून लटकत-लोंबकळत पोचलो असतो. चतुर्थीच्या पूजेला थोडा उशीर, एवढंच. पण बसमध्ये तिसऱ्या रांगेतली खिडकी माझी होती. यादी मीच केली होती ना. मला जायचं होतं. चांगलं आरामात, खिडकीशी बसून, फुकट जायचं होतं. बस्स.

बस सुटायच्या दिवशी काका मैदानातच होते. गुडघ्यानं दगा दिल्यामुळे यंदा ते गावी जाणार नव्हते. मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"काका, तारीख बदलणारच आहे. पण समजा नाहीच बदलली, तर ही फाइल तेवढी सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या हातात द्या. सांगा, बाकीचे गावी गेलेत."

"मी काय बोलू थंय?"

"काही बोलायला नको. फाइल द्यायची."

"पण बोललंय तर चालात ना?"

"चालेल की."

"मगे बोलतंय," म्हणाले. फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली. "येताना माती घेवन ये."

ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मी पळालो.

आता बघा. दुसऱ्याच्या वतीनं हजर राहायचं तर अधिकारपत्र लागतं. साध्या कागदावर दोन ओळी: आमच्या वतीने यांना बोलण्याचा अधिकार देत आहोत. खाली सह्या. नवऱ्याच्या पॉलिसीचं विचारायला बाईचा भाऊ आला की मी मान वर न करता सांगायचो, अधिकारपत्र आणा. माझ्या टेबलावरून किती माणसं मी त्या दोन ओळींसाठी परत पाठवली असतील, देवालाच माहीत. आणि स्वतःच्या मैदानाच्या वेळी मला त्या दोन ओळी लिहायचं सुचलं नाही. विसरलो, असं मी सांगतो. खरं म्हणजे खिडकी दिसत होती.

बसच्या पुढच्या काचेवर साहेबांचा फोटो, हात जोडलेला. चाळीची चाळ आत. गणपती बाप्पाचा गजर झाला, चिवड्याची पाकिटं फिरली, आणि पनवेल येईपर्यंत मला झोपही लागली. कुणी आम्हाला फसवलं नाही, कुणी धमकावलं नाही. आम्ही आपल्या पायांनी चढलो.

हरितालिकेच्या सकाळी अकराला मी गावच्या घरात स्टुलावर उभा राहून माटवी बांधत होतो. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची चौकट टांगतात, ती. नारळ बांधता बांधता घड्याळाकडे नजर गेली. म्हटलं, विचारावं. पण काकांकडे फोन नाही, आणि त्यांचा पुतण्या शेजारच्या वाडीत स्वतःची माटवी बांधत होता. बायको खालून ओरडली, "लक्ष कुठाय तुमचं? नारळ सांभाळा."

आठवड्यानं परतलो. काका उंबराखाली खुर्ची टाकून बसलेले. मी मातीची पिशवी पुढे केली. त्यांनी आधी ती उघडून बघितली, वास घेतला, मग म्हणाले, "जावन इलंय मी."

"कुठे?"

"थंय. सुनावणीक."

"तारीख बदलली नाही?"

"नाय. धाच्या आधीच जावन बसलंय. सायब बरो माणूस. माका पंख्याखाली बसवल्यान. चाय पण दिल्यान."

"फाइल घेतली?"

"घेतल्यान नि परत दिल्यान. कसला तरी पत्र होया म्हणान सांगल्यान."

मला त्या दोन ओळी आठवल्या. काका आपल्याच नादात सांगत होते. टॉवरची चार-पाच माणसं आली होती. एक कोटवाला होता, तो इंग्रजीत बराच वेळ बोलला. सुनावणीच्या साहेबांनी काकांना नाव विचारलं, यादीत शोधलं, सापडलं नाही. तरी म्हणाले, बसा काका. सगळ्यांचं झाल्यावर काका आपणहून उभे राहिले.

"मी सांगलंय, हय पोरां खेळतत. हय आमची माणसां मेल्यावर ठेवतत. ह्या गेला तर आमी जावचा खंय?"

"मग साहेब काय म्हणाले?"

"काय नाय. लिवन घेय होते." काकांनी हवेत बोटानं लिहून दाखवलं. "सगळा लिवन घेतल्यानी."

त्या संध्याकाळी त्यांनी ती माती मैदानात ओतली, पाणी मारलं, दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत चोपली. मी गॅलरीतून बघत होतो. खाली जायचं धाडस झालं नाही.

निकालाचं पत्र दिवाळीनंतर आलं. पहिला हरकतदार मी, म्हणून माझ्या पत्त्यावर. दोन पानं. पहिल्या पानावर असं, की सुनावणीस एकही हरकतदार उपस्थित राहिला नाही, सबब हरकती निकाली काढण्यात येत आहेत. टॉवरच्या लोकांच्या सूचना मान्य. लोकांच्या सोयीसाठी वाहनतळाच्या सहाव्या मजल्यावर उद्यान विकसित करावे, हीही सूचना त्यांचीच. दुसऱ्या पानावर आमची यादी. ओळीनं नावं आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द, 'गैरहजर'. काकांचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? मीच तर घेतलं नव्हतं. त्या खोलीत आमच्याकडून गेलेला एकच माणूस, तो सकाळी दहाच्या आधीपासून बसून होता, त्यानं चहा घेतला, उभं राहून सगळ्यांदेखत बोलला, आणि कागद म्हणतो, कुणीही नव्हतं. आणि कागदाचं काही चुकलं नव्हतं हो! कागद माझ्यासारख्यानंच लिहिला होता, नियमाला धरून.

काकांना कुठून तरी कळलं. संध्याकाळी जिना चढून आले, एकेका पायरीवर थांबत. येऊन खाटेच्या कडेला बसले. "वाच," म्हणाले.

मी चष्मा लावला. कागद डोळ्यांसमोर धरला. आणि वाचलं, "सुनावणीस एक हरकतदार उपस्थित होते. मैदान राहू द्यावे, येथे मुले खेळतात, असे त्यांनी सांगितले."

"परत वाच."

परत वाचलं.

"मेलेल्या माणसांचा नाय लिवला?"

"लिहिलंय ना. 'तसेच मयतांना येथे ठेवतात.'" बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"माझा नाव?"

"सरकारी कागदात नाव नाही घालत, काका. एक हरकतदार म्हणजे तुम्हीच."

त्यांनी कागद हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "मगे मैदान गेला कित्याक?"

"बाकीचे कुणी नव्हते म्हणून."

"हां." मान हलवली. "एकट्याचा कोण ऐकता." चिडले नाहीत. मला एक शिवी घातली असती तर मी सुटलो असतो. उठताना म्हणाले, "माका ह्याची झेरॉक्स काढून दी."

दिली. दोन्ही पानांची. नाही म्हणून काय सांगणार होतो?

तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, देवळात, जो भेटेल त्याला काढून दाखवायचे, "वाच, काय लिवलाहा." मी त्यांच्या पुढे पुढे धावत सुटलो. पुतण्याला सांगितलं, टपरीवाल्याला सांगितलं, सगळ्या खोल्यांमधून सांगून आलो, की बाबांनो, असं असं वाचा, आणि मागचं पान म्हणजे अर्ज करणाऱ्यांची नुसती नावं म्हणा. आणि सांगायला लाज वाटते, पण एकानंही चूक केली नाही. सुनावणीला काका सोडून एकही माणूस गेला नाही, पण हे खोटं बोलायला अख्खी चाळ हजर.

डिसेंबरात पत्रे लागले. बदाम कापले. उंबराचं पुनर्रोपण करणार म्हणून तो मुळासकट ट्रकमध्ये घालून नेला. कुठे नेला ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. जेसीबीनं पहिल्याच दिवशी वरची माती खरवडली, तीही गेली, डेब्रिजबरोबर. काका तेव्हा पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभे होते. पुतण्याची बायको त्यांना जेवायला बोलवून बोलवून दमली.

सव्वीस जानेवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते. यंदा ती दोन चाळींमधल्या बोळात घालायची वेळ आली. बोळाच्या तोंडाशी भली मोठी कमान, वाहनतळाच्या कंत्राटदारानं दिलेली. स्टेज पत्र्यांना टेकून, म्हणजे मागे पडद्याच्या जागी ती गवतावरची बाई. संध्याकाळी हळदीकुंकू, मग सत्कार. साहेब आले होते. भाषणात म्हणाले, आपण लढलो, पण विकासही हवा, आणि शेवटी हिरवळ आपल्यालाच मिळणार आहे, थोडी वर जाऊन. लोक हसले. माइक अर्थात माझ्या हातात.

मंडळानं ठरवलं होतं, सगळ्यांत जुने कबड्डीपटू म्हणून काकांचा सत्कार करायचा. साहेबांच्या हस्ते शाल, नारळ. काका तोच इस्त्रीचा सदरा घालून आले होते. शाल अंगावर पडली, फोटो निघाला. कुणीतरी ओरडलं, "काका, दोन शब्द!"

काका माइकजवळ आले. "माका भाषण येयना नाय," म्हणाले. "मी बोललेला लिवन ठेवलेला हा." आणि खिशातून ती पिशवी काढली. कागद माझ्या हातात दिला. "वाच."

मी कागद घेतला. समोर खुर्च्यांच्या रांगा. मी एकेक चेहरा बघितला. माझी बसची यादी अशी ओळीनं बसली होती. एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. बायका पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. साहेब तेवढे हसतमुखानं मान डोलवत होते.

"मायकात वाच," काका म्हणाले.

मी वाचलं. सुनावणीस एक हरकतदार उपस्थित होते. येथे मुले खेळतात. येथे आम्ही आमच्या मयतांना ठेवतो. मैदान गेले तर आम्ही जायचे कुठे, असे त्यांनी विचारले. पाठ झालं होतं, कागदाकडे बघायचीही गरज नव्हती. पलीकडच्या रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न वाजला. मग टाळ्या सुरू झाल्या.

मी कागदाची घडी घालायला लागलो. काकांनी माझा हात धरला.

"थांब. आता तुझा नाव वाच." आणि लोकांकडे वळून माइकमध्ये म्हणाले, "अर्ज ह्येनाच लिवल्यान. ह्येच्यामुळा माका बोलाक गावला. ह्येचा पण नाव आसा त्यात, मागच्या पानार."

त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता. मी पान उलटलं. पहिलंच नाव माझं. मी ते वाचलं, पूर्ण, आडनावासकट. त्याच्यापुढचा एक शब्द मी वाचला नाही.

टाळ्या पडल्या. नारळ काखेत धरून काकांनीही वाजवल्या.